अरोयो सेको : मोटारींविना एक सकाळ

महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर चालणाऱ्या शिक्षणाला मराठीत ‘बहिःशाल शिक्षण’ असा नेटका शब्द आहे. परंतु मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांनी तो मुख्यत्वे व्याख्यानमालांसाठी वापरल्यामुळे त्याच्याशी सभागृह, वक्ता, पाण्याचा तांब्या आणि आभारप्रदर्शन हे चित्र घट्ट जोडले गेले आहे. वाहतूक आणि पर्यावरण या विषयांसाठी मात्र हे चित्र अपुरे पडते. धूर वाईट असतो, झाडे असावीत, पायी चालणे प्रकृतीला बरे, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते; त्याला ठाऊक नसते ते एवढेच की ज्या रस्त्याने तो रोज जातो तो रस्ता कोणीतरी, केव्हातरी, काही विशिष्ट हेतूने आखलेला आहे आणि तो वेगळाही असू शकला असता. सवयीने रस्ता दिसेनासा होतो, आणि दिसेनाशी झालेली गोष्ट पुन्हा दाखवणे व्याख्यानाच्या आवाक्यातले काम नव्हे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात ऑक्सिडेंटल कॉलेजच्या एका केंद्राने हे काम 15 जून 2003 रोजी, म्हणजे एका रविवारी सकाळी, भर महामार्गावर उतरून केले. त्या उपक्रमाचे नाव ‘अरोयोफेस्ट’.

ऑक्सिडेंटल हे 1887 साली स्थापन झालेले, शहराच्या ईगल रॉक या ईशान्य भागातील एक लहान पदवी महाविद्यालय असून पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बराक ओबामा तेथे दोन वर्षे शिकले होते, एवढीच त्याची ओळख बाहेरच्या जगाला बहुधा असते. तेथे 1990 च्या दशकाच्या अखेरीस ‘अर्बन अँड एन्व्हायर्नमेंटल पॉलिसी इन्स्टिट्यूट’, म्हणजे नागरी व पर्यावरणीय धोरणांचा अभ्यास करणारे केंद्र, आकाराला आले आणि पर्यावरण-चळवळीचे इतिहासकार रॉबर्ट गॉटलिब यांनी त्याचे नेतृत्व केले. केंद्राचा विचार असा होता की ‘पर्यावरण’ म्हणजे केवळ दूरचे अरण्य नव्हे. माणूस जेथे राहतो, राबतो, खातो आणि प्रवास करतो तो परिसरही पर्यावरणच होय. त्यामुळे शाळेतल्या जेवणात जवळच्या शेतांतली भाजी कशी येईल, येथपासून बंदरातून निघणाऱ्या मालमोटारी कोणाच्या दारावरून जातात, येथपर्यंतचे प्रश्न त्याच्या कक्षेत आले. लॉस एंजेलिस नदीविषयी 1999-2000 मध्ये नदीप्रेमींच्या संघटनेला सोबत घेऊन केंद्राने चर्चा, फेरफटके आणि कलाविषयक कार्यक्रमांची एक लांबलचक मालिका घडवली. शहराच्या बहुसंख्य रहिवाशांना आपल्या गावातून नदी वाहते हेच विस्मरणात गेले होते, कारण पुरांच्या भयाने तिचा तळ आणि काठ सिमेंटने बांधून काढलेले होते आणि चित्रपटांतल्या मोटारींच्या पाठलागांखेरीज तिचे दर्शन फारसे कोणाला घडत नव्हते. नदीकडून तिच्या उपनदीकडे आणि उपनदीकडून तिच्या काठच्या रस्त्याकडे केंद्राचे लक्ष वळले, ते या क्रमाने.

ती उपनदी म्हणजेच अरोयो सेको. स्पॅनिश भाषेत या शब्दांचा अर्थ ‘कोरडा ओढा’ असा होतो, आणि वर्षातले बहुतेक महिने तो तसाच असतो. पावसाळी वादळ आले की मात्र सॅन गॅब्रिएल पर्वतातून तो धावत सुटतो, पॅसाडीना गावाला वळसा घालतो आणि लॉस एंजेलिसच्या मध्यभागाजवळ मुख्य नदीला मिळतो. 1914 आणि 1938 च्या पुरांत त्याने काठची घरे-पूल ओढून नेल्यावर त्याच्याही नशिबी सिमेंटची नाली आली. त्याच दरीतून, त्याच नालीच्या कडेने, 30 डिसेंबर 1940 रोजी ‘अरोयो सेको पार्कवे’ हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. अमेरिकेच्या पश्चिम भागातला पहिला फ्रीवे म्हणून तो ओळखला जातो.

येथे दोन शब्दांचा उलगडा करायला हवा. ‘फ्रीवे’मधला ‘फ्री’ हा टोलमाफीचा नव्हे, तर अडथळ्यांतून मुक्तीचा आहे: या रस्त्यावर चौक नाहीत, सिग्नल नाहीत, कडेची घरे-दुकाने थेट रस्त्याला जोडलेली नाहीत आणि पादचारी व सायकली यांना मज्जाव आहे. मराठी वाचकाला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून ही कल्पना सहज यावी. ‘पार्कवे’ ही त्याआधीची, अधिक निवांत कल्पना होती. उद्यानातून जाणारा, वळणावळणाचा, झाडांच्या सोबतीचा, गाडी चालवण्याचाच आनंद देणारा रस्ता असा त्याचा अर्थ. अरोयो सेकोचा मार्ग या दोन कल्पनांच्या सांध्यावर बांधला गेला, आणि तो सांधा आजही उघडा दिसतो. ताशी 45 मैलांच्या, म्हणजे सुमारे 72 किलोमीटरच्या, वेगासाठी आखलेली त्याची वळणे आजच्या गाड्यांना आखूड वाटतात. दिवसाला 27,000 मोटारींच्या अंदाजाने बांधलेल्या या रस्त्यावरून पुढे लाखाहून अधिक मोटारी जाऊ लागल्या. आणि वेग घेण्यासाठी लागणारी जास्तीची मार्गिका नसल्यामुळे अनेक ठिकाणी आत शिरणाऱ्या गाडीला ‘थांबा’ अशा पाटीपाशी पूर्ण थांबून, मान वळवून, फट सापडताच जागच्या जागी जोरात निघावे लागते. लॉस एंजेलिसकरांत या चढमार्गांविषयी जितके विनोद प्रचलित आहेत तितकीच धास्तीही. जड मालमोटारींना येथे प्रवेश नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

या रस्त्याच्या पोटात आणखी एक जुना रस्ता दडलेला आहे आणि केंद्राच्या दृष्टीने तो सोन्याची खाण होता. मोटारगाडी ही श्रीमंतांची चैन असण्याच्या काळात पॅसाडीनाचे एक धनिक होरेस डॉबिन्स यांनी तेथून लॉस एंजेलिसपर्यंत खास सायकलींसाठी लाकडी खांबांवरचा उंच मार्ग बांधण्याचे ठरवले. नऊ मैलांपैकी सव्वा मैलाच्या आसपासचा पहिला टप्पा 1 जानेवारी 1900 रोजी सुरू झाला. एका फेरीला दहा सेंट असा टोल होता आणि रात्री दिव्यांची सोय होती. पुढचे मैल कधीच झाले नाहीत, कारण विजेच्या ट्राम आणि पाठोपाठ मोटारी यांनी सायकलींची लाट ओसरवली, आणि काही वर्षांत ते लाकूडही उतरवले गेले. डॉबिन्स यांनी योजलेल्या मार्गाच्या काही भागावरून पुढे पार्कवे गेला. मोटारींची राजधानी म्हणून जगभर नाव झालेल्या शहराचा पहिला फ्रीवे काही अंशी एका अपुऱ्या सायकलमार्गाच्या वाटेवर उभा आहे, ही गोष्ट कोणत्याही प्रचारपत्रकाहून अधिक बोलकी आहे.

मोटारींची किंमत या शहराने हवेतून मोजली, आणि तो धडाही याच खोऱ्यात गिरवला गेला. 26 जुलै 1943 रोजी लॉस एंजेलिसवर असा डोळे झोंबवणारा दाट धूसर पडदा उतरला की युद्धाचे दिवस असल्याने शत्रूने वायुहल्ला केला की काय, अशी अनेकांना शंका आली. पुढे कॅलटेक या संस्थेतील, पॅसाडीनातच काम करणारे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी 1950 च्या सुमारास या धुरक्याचे कूळ शोधले. ते एरवी अननसाचा सुवास कोणत्या रेणूंनी बनतो याचा अभ्यास करीत. सुवास गोळा करण्याच्या त्याच पद्धतीने त्यांनी शहराची हवा गोळा केली आणि दाखवून दिले की मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून सुटणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात परस्परांशी अभिक्रिया करून ओझोन बनवतात. म्हणजे धुरके धुराड्यातून तयार स्थितीत बाहेर पडत नाही. ते आकाशात, सूर्याच्या आचेवर शिजते. त्यातच भर अशी की समुद्रावरून येणारी थंड हवा खाली आणि तिच्यावर उबदार हवेचा थर, अशी उलटी रचना या खोऱ्यावर वारंवार बसते. तिला तापमान-व्युत्क्रमण म्हणतात. खालची हवा वर जाऊ शकत नाही, पर्वत तिला पुढे सरकू देत नाहीत, आणि भांड्यावर झाकण ठेवावे तसे सगळे आत कोंडते. राज्याच्या हवा-मंडळाचे पहिले अध्यक्षपद 1968 मध्ये हागेन-स्मिट यांच्याकडेच गेले.

इतके सारे माहीत असलेल्या शहराला आणखी काय शिकवायचे, हा प्रश्न केंद्रापुढे होता, आणि त्याचे उत्तर त्याने फार साधे शोधले: महामार्ग काही तास मोटारींसाठी बंद करायचा आणि माणसांना त्यावर चालू द्यायचे. कल्पना साधी असली तरी तिच्यापर्यंत पोहोचायला काही वर्षे लागली. हा मार्ग लॉस एंजेलिस, साउथ पॅसाडीना आणि पॅसाडीना अशा तीन नगरांच्या हद्दींतून जातो. रस्ता राज्याच्या वाहतूक विभागाच्या, म्हणजे कॅलट्रान्सच्या, मालकीचा आहे. त्यावरची शिस्त महामार्ग पोलिसांकडे आहे. या सर्वांनी होकार दिल्यावाचून एकही माणूस त्या डांबरावर पाऊल ठेवू शकत नव्हता. त्यात साउथ पॅसाडीना हे दुसऱ्या एका फ्रीवेचा विस्तार आपल्या गावातून जाऊ नये म्हणून कित्येक दशके लढत आलेले गाव होते, त्यामुळे रस्त्यांच्या प्रश्नावर तेथे जागरूक माणसांची वानवा नव्हती, पण सरकारी वाहतूक विभागाविषयी ममत्वही नव्हते. ओढ्याच्या पुनरुज्जीवनासाठी झटणारे, सायकलस्वार, जुन्या वास्तूंचे रक्षक, शाळा आणि वस्त्यांतली मंडळे, ज्यांची एरवी एकमेकांशी गाठ पडत नसे ते सारे केंद्राने एका टेबलाभोवती आणले. खरे बहिःशाल शिक्षण या बैठकांतच झाले असावे, असे म्हणायला जागा आहे. कारण परवानगी मागायला गेलेल्या नागरिकाला रस्ता कोणाचा असतो हे जितके नेमके कळते तितके ते कोणत्याही पुस्तकातून कळत नाही, आणि परवानगी देणाऱ्या अभियंत्यालाही वाहनसंख्येपलीकडचा रस्ता कदाचित प्रथमच दिसतो.

त्या रविवारी सकाळी हजारो माणसे सायकलींवर आणि पायी त्या रस्त्यावर उतरली. तो दिवस अमेरिकेतला ‘पितृदिन’ होता, त्यामुळे मुलांना घेऊन आलेले बाप पुष्कळ होते. ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरने जाताना जे कधीच नजरेत भरत नाही ते पायाखाली आणि डोळ्यांपुढे सावकाश येऊ लागले: गाडीत न जाणवणारा चढ, वळणावरचा रस्त्याचा कल, सायकमोर वृक्षांच्या सावल्या, आणि शेजारीच, कुंपणापलीकडे, सिमेंटच्या नालीत वाहणारी ओढ्याची बारीक धार. डोक्यावरून हायलँड पार्क भागात 1896 सालचा उंच पोलादी रेल्वेपूल जातो. मोटारीतून तो क्षणभरात मागे पडतो. चालणाऱ्याला मात्र त्याखाली थांबून त्याचे खांब मोजता येतात. त्या पुलाचाही स्वतंत्र पाठ होता. एकेकाळी दक्षिण कॅलिफोर्नियात विजेवर चालणाऱ्या ‘रेड कार’ गाड्यांचे हजार मैलांहून मोठे जाळे होते आणि 1961 पर्यंत ते पुरते मोडीत निघाले. पण अरोयोफेस्टनंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, 26 जुलै 2003 रोजी, पॅसाडीनाकडे जाणारी नवी हलकी रेल्वे सुरू झाली ती याच जुन्या पुलावरून. त्या सकाळी पुलाखाली उभ्या असलेल्या माणसाला, थोडी मान वर केली तर, पर्याय अक्षरशः डोक्यावर दिसत होता.

आवाजाचा मुद्दा वेगळा सांगण्यासारखा आहे. फ्रीवेच्या काठी राहणाऱ्याला गाड्यांची घरघर इतकी अंगवळणी पडते की ती थांबल्यावरच तिचे अस्तित्व जाणवते. ध्वनिप्रदूषणाचे डेसिबलमधले आकडे तक्त्यात मांडून जे साधत नाही ते त्या शांततेने साधले असेल, तर नवल नाही. वाहतूक-शिक्षणाचे हे मर्म पुष्कळ शासकीय मोहिमांच्या ध्यानात येत नाही. ‘सायकल वापरा’ असे सांगणारा फलक जेथे सायकल चालवणे जिवावर बेतणारे असते त्याच रस्त्यावर टांगलेला असतो, आणि मग तो फलक शिक्षणाऐवजी थट्टा ठरतो.

अर्थात त्या उपक्रमाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सकाळ सरायच्या आत मोटारी परतल्या आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, रस्ता नेहमीसारखाच तुंबला असणार. फुरसतीच्या रविवारी चालायला आलेल्यांपैकी किती जणांना सोमवारी मोटारीखेरीज कामावर पोहोचण्याची सोय होती, हा अवघड प्रश्न आहे. उत्सवाने भूक जागी होते, ताट वाढले जात नाही. शिवाय अरोयोचे खोरे, कितीही गजबजलेले असले, तरी जड मालमोटारींपासून सुटलेले आहे. ज्या वस्त्यांच्या उशाशी खरी डिझेल-वाहतूक चालते त्यांना महामार्ग बंद करून मिरवण्याची चैन परवडणारी नव्हती. केंद्राला याची जाण होती, आणि म्हणूनच त्याच्या कामाची दुसरी, कमी रंगीत बाजू अधिक महत्त्वाची वाटते.

लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही शेजारशेजारची बंदरे अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कंटेनर-बंदरांत मोडतात. आशियातून आलेला माल येथे उतरतो आणि मालमोटारींवर लादून उत्तरेकडच्या रेल्वे-यार्डांकडे व पूर्वेकडच्या गोदामांकडे जातो. वाटेवरच्या वस्त्या बव्हंशी गरीब आणि लॅटिनो आहेत. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून बारा गावांतल्या शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची वाढ वर्षानुवर्षे मोजली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सूक्ष्म कण सर्वाधिक असलेल्या गावात अठराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता चिंताजनक कमी असलेल्या मुलांचे प्रमाण 7.9 टक्के, तर सर्वांत स्वच्छ हवेच्या गावात ते 1.6 टक्के होते. फ्रीवेपासून पाचशे मीटरांच्या आत वाढलेल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ दीड किलोमीटर किंवा त्याहून दूर राहणाऱ्यांच्या मानाने खुंटलेली असते, हे 2007 मध्ये पुढे आले. ही माहिती शोधनिबंधांत पडून राहू नये म्हणून त्या विद्यापीठाचे आरोग्य-केंद्र, ऑक्सिडेंटलचे हे केंद्र आणि बंदर-परिसरातल्या वस्ती-संघटना यांनी व्यापार, आरोग्य आणि पर्यावरण या तिन्हींची सांगड घालणारा ‘इम्पॅक्ट प्रोजेक्ट’ नावाचा संयुक्त प्रकल्प चालवला.

त्याच सुमारास लाँग बीच आणि आसपासच्या भागात रहिवाशांची पथके, त्यांत बहुतांश दमेकरी मुलांच्या आया, हवा मोजायला शिकली. काम दुहेरी होते. एकीने चौकात उभे राहून ठरावीक वेळात किती मालमोटारी गेल्या त्याच्या रेघा कागदावर ओढायच्या आणि दुसरीने हातात मावेल अशा यंत्रावर अतिसूक्ष्म कणांचा आकडा वाचायचा. अतिसूक्ष्म कण म्हणजे एका मायक्रॉनच्या, अर्थात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, दशांशाहून लहान कण. ते इतके बारीक असतात की प्रकाशझोतातही थेट सापडत नाहीत. म्हणून यंत्र आत ओढलेल्या हवेत अल्कोहोलची वाफ मिसळते, थंड होताना ती वाफ प्रत्येक कणाभोवती दवबिंदूसारखी साकळते, कण फुगतो, आणि मग लेझरच्या किरणाला तो मोजता येतो. मालमोटार जवळून गेली की पडद्यावरचा आकडा उसळी घेतो आणि ती लांब गेली की हळूहळू उतरतो. त्या उसळीचा अर्थ समजायला इंग्रजी वाचता येण्याची किंवा पदवीची गरज नसते. सुनावणीत ‘आम्हाला त्रास होतो’ असे म्हणणारी बाई आणि ‘आमच्या शाळेच्या कोपऱ्यावरून तासाला इतक्या मालमोटारी जातात आणि तेव्हा कण इतके असतात’ असे म्हणणारी बाई यांच्या बोलण्याला मिळणाऱ्या वजनात मोठा फरक पडतो. दोन्ही बंदरांनी 2006 मध्ये हवा-सुधार आराखडा स्वीकारला आणि ऑक्टोबर 2008 पासून 1989 पूर्वीच्या मालमोटारींना दरवाजे बंद केले. त्यामागे अनेक कारणे आणि अनेक वर्षांचे खटले-वाद होते; या रेघांचे कागद त्या ढिगाऱ्यातले एक कारण होते, एवढे म्हणणे रास्त ठरेल.

मोकळ्या रस्त्यांची कल्पना मात्र उत्सवाच्या अंगानेच पसरली. तिचे माहेर कोलंबियातील बोगोटा शहर. तेथे 1974 पासून काही रस्ते ठरावीक वेळी सायकली व पादचाऱ्यांसाठी मोकळे केले जाऊ लागले आणि त्या प्रथेला ‘सिक्लोव्हिया’ म्हणतात. लॉस एंजेलिसने ‘सिक्लाव्हिया’ या नावाने ती ऑक्टोबर 2010 मध्ये उचलली, मुंबईत 2014 च्या नोव्हेंबरात वांद्रे-सांताक्रूझ भागात ‘इक्वल स्ट्रीट्स’च्या रूपाने ती काही रविवार रमली, आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यानेही 11 डिसेंबर 2021 रोजी पादचारी दिनापुरते मोटारींना बाहेर ठेवले. खरेदीच्या रस्त्यावर हे करणे तुलनेने सोपे असते, कारण तेथे माणसे एरवीही चालतात. जेथे पाऊल ठेवणेच गुन्हा आहे त्या फ्रीवेवर ते करण्यातले धाडस वेगळ्या जातीचे होते, आणि म्हणूनच की काय, त्याची पुनरावृत्ती व्हायला वीस वर्षे गेली.

29 ऑक्टोबर 2023 रोजी सॅन गॅब्रिएल खोऱ्यातील ‘ॲक्टिव्ह एसजीव्ही’ या संस्थेच्या पुढाकाराने अरोयो सेको पार्कवेचा सुमारे सहा मैलांचा भाग सकाळी सात ते अकरा पुन्हा मोटारींविना खुला झाला आणि या खेपेस गर्दी पहिल्या वेळेच्या कितीतरी पट होती. मधल्या काळात राज्याने या मार्गाचे मूळ ‘पार्कवे’ हे नाव 2010 मध्ये परत केले होते, आणि राष्ट्रीय वारसा-नोंदीत त्याचा समावेशही झाला होता. अकरानंतर अडथळे हटले आणि गाड्या पुन्हा त्या ‘थांबा’ पाट्यांपाशी थांबून, मान वळवून, फट शोधू लागल्या. सायकलस्वारांसाठी या खोऱ्यात एक रीतसर मार्ग आहे, तो जेमतेम दोन मैलांचा. फ्रीवेच्या शेजारून, ओढ्याच्या सिमेंटच्या तळातून तो जातो, आणि आभाळ भरून आले की त्याची फाटके बंद केली जातात.